गेलेल्या माणसाचे नाव

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जवळच्या माणसाच्या मृत्यूविषयी होती. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत. ही पत्रे एका बैठकीत वाचताना एक गोष्ट मला सतत खुपत राहिली. माणूस गेले की काही दिवसांतच त्याचे नावही त्या घरात घेतले जाईनासे होते. 'तिच्यासमोर त्यांचा विषय काढू नका, ती रडेल' असे एकमेकांना बजावून सगळे गप्प होतात. त्यामागे मायाच असते, पण त्या गप्पपणामुळे माणसे किती एकटी पडतात ते या पत्रांतून दिसते. म्हणून उत्तरे देताना मी पुन्हा पुन्हा या एका गोष्टीकडे वळले आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय 56 आहे. माझे यजमान एसटीमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीला दोनच वर्षे झाली होती. गेल्या आषाढात पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले. आता आठ महिने होत आले. पहिल्या पाळीची सवय असल्यामुळे सकाळचा चहा कायम तेच करायचे. आता मी करते, तर अजूनही माझ्या हातून दोन कपांचे आधण ठेवले जाते आणि मग ओट्याशी उभ्या उभ्या रडू येते. मुले आणि जाऊबाई चांगली आहेत, पण 'किती दिवस असं करणार, आता मुलांकडे बघून सावरा' हे मी रोज ऐकते. गेल्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला मला आतल्या खोलीत बसवले. सासरची मंडळी जमिनीच्या एका कागदावर सहीही मागत आहेत. मला वेड लागत आहे का? हे कधी संपणार?

उत्तर : तुम्हाला वेड लागलेले नाही. इतकी वर्षे ज्या घरात सकाळी दोन कप चहा झाला, तेथे हाताला एका कपाचे माप इतक्यात कळणार नाही. मनाने मृत्यू मान्य केला तरी हात, कान आणि सवयी त्याच्या बऱ्याच मागे असतात. संध्याकाळी फाटक वाजले की ते आले असे वाटणे, बाजारात त्यांच्यासारखा पाठमोरा माणूस दिसला की पाऊल थबकणे, हेही त्यातलेच आहे.

आठ महिने पुष्कळ झाले असे तुमच्या घरच्यांना वाटते, म्हणून मुदतीविषयी थोडे स्पष्ट लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी वर्गवारी जानेवारी 2022 मध्ये लागू झाली. तीत प्रदीर्घ शोकाचा विकार प्रथमच स्वतंत्रपणे नोंदवला गेला असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या वर्गवारीत प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट घातली. परंतु नुसते महिने उलटले म्हणून कोणाचे दुःख विकार ठरत नाही. जवळजवळ रोज, दिवसभर त्या माणसावाचून दुसरे काही सुचत नसेल, आपलाच एक भाग मेला असे वाटत असेल, स्वयंपाक, अंघोळ, व्यवहार असे काहीच होत नसेल, आणि हे सारे आपल्या समाजात जेवढे स्वाभाविक मानले जाते त्याच्या फार पलीकडे गेले असेल, तेव्हा तज्ज्ञ त्याचा विचार करतात. तुम्ही चहा करता, लग्नाला जाता आणि स्वच्छ अक्षरात चार पानी पत्र लिहिता. तुम्ही दुःखी आहात, आणि तसे असण्याचे पुरेसे कारण तुमच्यापाशी आहे.

तुमच्या मुलीने तुम्हाला शोकाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आणि 'आई अजून तिसरीवरच आहे' असे ती म्हणते, असेही तुम्ही पुढे लिहिले आहे. तिला सांगा की एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्या माणसांकडे पाहून नव्हे. शोक करणाऱ्यांना त्या नंतर लागू केल्या गेल्या, आणि त्यामुळे अनेकांना उगाचच आपण परीक्षेत मागे पडलो असे वाटू लागले. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट या संशोधकांनी 1999 मध्ये जे चित्र मांडले ते मला माझ्यासमोर बसलेल्या माणसांशी अधिक जुळणारे वाटते. त्यांच्या मते शोकातले माणूस दोन टोकांच्या मध्ये येरझारा घालत असते. कधी ते गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडते, तर कधी गॅसचा नंबर लावणे, बँकेतला फॉर्म भरणे, नातवाला शाळेत सोडणे अशा नव्या आयुष्यातल्या कामांत गुंतते. ही येरझारच प्रकृतीची खूण आहे. सकाळी ओट्याशी रडून दुपारी तुम्ही शेजारणीबरोबर हसलात, तर त्यात यजमानांशी प्रतारणा नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही.

आपल्या जुन्या रीतींत या येरझारेला जागा होती. दहावा, तेरावा, दर महिन्याचे मासिक आणि मग वर्षश्राद्ध अशा ठरलेल्या अंतरांनी माणसे पुन्हा जमत, गेलेल्याचे नाव आणि गोत्र मोठ्याने उच्चारले जाई, चार माणसांच्या पंक्तीत त्याच्या आवडीचा पदार्थ वाढला जाई. श्रद्धा असो वा नसो, त्या व्यवस्थेत दुःखी माणसाला वर्षभर सोबत मिळत होती. आता रजा मिळत नाहीत म्हणून सगळे विधी थोडक्यात आटोपतात, चौदाव्या दिवशी पाहुणे बॅगा उचलतात, आणि खरा एकटेपणा सुरू होतो तेव्हा घरात कोणी नसते. तुम्हाला येत्या काळासाठी एक सूचना करते. आपल्याकडे पुण्यतिथी दोनदा येते, एकदा तिथीने आणि एकदा तारखेने. पुष्कळजण तिथीची तयारी करतात आणि काही दिवसांच्या अंतराने येणारी तारीख त्यांना बेसावध गाठते. आषाढातल्या त्या दोन्ही दिवशी सोबतीला कोण असेल ते आत्ताच ठरवून ठेवा.

हळदीच्या दिवशी तुम्हाला आतल्या खोलीत बसवले ते चूक झाले, आणि येथे मी शब्द मवाळ करणार नाही. ज्या पुतण्याला तुम्ही मांडीवर खेळवले त्याच्या हळदीला तुमचा हात लागला असता तर काहीही अशुभ घडले नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे अशा विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. तुमच्या गावातही हा विषय कोणीतरी काढायला हवा. तो तुम्हीच काढावा असे मी म्हणणार नाही, कारण ज्याला लागले आहे त्यानेच लढावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. तुमच्या जाऊबाई चांगल्या आहेत असे तुम्ही लिहिता, तर हे काम त्यांनी करावे.

कागदाविषयी एवढेच, की सही करू नका. निदान आत्ता नको. हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ते रद्द करून घेणे फार कठीण जाते, आणि डोळ्यांतले पाणी पुसता पुसता केलेल्या सह्यांचा पश्चात्ताप करणाऱ्या अनेक स्त्रिया मी पाहिल्या आहेत. वारसांची नोंद करणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे. नोंद अवश्य करून घ्या. हक्काचा कागद मात्र तुमच्या बाजूच्या वकिलाला दाखवल्याशिवाय हातात पेन घेऊ नका.

आता त्या दुसऱ्या कपाविषयी. आधण दोन कपांचे ठेवले गेले तर ते ओतून देऊ नका. चहा करा आणि मुलाला, सुनेला किंवा शेजारणीला हाक मारा. चहा पिताना 'आमचे हे आलं फार घालायचे' असे एखादे वाक्य तुम्हीच बोला. तुम्ही त्यांचे नाव घेतले तर चालते, हे घरच्यांना तुमच्याकडूनच कळावे लागेल. आज ते सगळे तुमच्या रडण्याला भीत आहेत. त्यांना एकदा सांगा, 'मी रडले तरी चालेल, पण तुम्ही त्यांच्याविषयी बोला.' माझी आई गेल्यानंतर कितीतरी महिने मसाल्याच्या डब्यांवरच्या तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांना घरात कोणी हात लावत नव्हते आणि त्यांच्याविषयी कोणी बोलतही नव्हते. एके दिवशी माझ्या भावाने 'गोडा मसाला' ही चिठ्ठी मोठ्याने वाचली, तेव्हा आम्ही सगळे एकत्र बसून रडलो. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात वावरणे सोपे झाले.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त टोरांटोत राहतो. दोन महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. कळले तेव्हा इथे रात्र होती आणि तिकडे सकाळ. मी पोहोचेपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून धाकट्या भावाने अग्नी दिला आणि मी ते फोनच्या पडद्यावर पाहिले. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता, त्यामुळे मला बराच वेळ आकाश आणि लोकांचे पाय एवढेच दिसत होते. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा काकांनी मला पुढे करून 'आईला मी सांभाळीन' असे म्हणायला लावले. मी म्हणालो. कावळा शिवला. चौदाव्या दिवशी मी परतीच्या विमानात बसलो. ओंटॅरिओच्या कायद्यात अशा वेळी दोन दिवसांची बिनपगारी रजा आहे, बाकीची माझ्या खात्यातली संपली. अजून मला एकदाही रडू आलेले नाही. परवा दुकानात मात्र रांगेत कोणीतरी पुढे घुसले म्हणून मी इतका ओरडलो की मलाच भीती वाटली. आई फोनवर 'मी बरी आहे, तू जेवलास का' एवढेच म्हणते. मी दगड झालो आहे का?

उत्तर : ज्याला दुकानातल्या रांगेत तसा संताप आला तो दगड नाही. दुःख डोळ्यांवाटेच बाहेर येते असा काही नियम नाही. ते रागातून येते, पाठदुखीतून येते, झोप उडण्यातून येते, आणि रडण्यासाठी जी सवड आणि जी माणसे लागतात ती न मिळाल्यास पुष्कळ उशिरा येते. दोन महिने म्हणजे काहीच नव्हेत.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली आहे. वडिलांचा देह पाहणे, त्याला हात लावणे, खांदा देणे, परत येऊन अंघोळ करणे, या क्रमाने माणसाच्या अंगाला मृत्यू कळतो. तो क्रमच तुमच्या वाट्याला आला नाही. तुमच्यापाशी आहे ते हलणारे आकाश आणि अनोळखी पाय. 2020 आणि 2021 या करोनाच्या वर्षांत असंख्य घरांवर हीच वेळ आली होती, आणि त्या घरांतली माणसे आजही मला 'मी त्यांना शेवटचे पाहिलेच नाही' या वाक्यापासून सुरुवात करून बोलतात. तेव्हा तुमच्या मनाने ही गोष्ट अजून खरी मानलेली नसेल तर त्यात नवल नाही.

येथे मला सिग्मंड फ्रॉइड आठवतात. त्यांची मुलगी सोफी जानेवारी 1920 मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत हॅम्बुर्गला वारली. युद्धानंतरच्या त्या दिवसांत गाड्या चालत नव्हत्या, त्यामुळे व्हिएन्नाहून त्यांना तिच्यापर्यंत पोहोचता आले नाही. शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणे आणि ते काम पुरे झाले की मोकळे होणे, असे याच माणसाने 1917 मध्ये लिहिले होते. पुढे 1929 साली, सोफी असती तर 36 वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यांनी मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिले. तीव्र शोक ओसरतो, पण ती जागा कधीच भरून निघत नाही आणि तेच योग्य आहे, असा त्याचा आशय आहे. आपण वेळेवर पोहोचलो नाही ही बोच घेऊन जगणाऱ्यांत तुम्ही पहिले नाही, हे सांगण्यासाठी हा दाखला दिला.

आता काही करण्यासारखे. भावाला फोन करा आणि वडिलांचा शेवटचा दिवस पहिल्यापासून सांगायला सांगा. सकाळी ते काय बोलले, काय खाल्ले, कोण कोण आले, कोणते धोतर नेसवले, चंदन कोणी लावले, लाकडे कोणी रचली, हे सगळे विचारा. घाई करू नका, दोन-तीन बैठका लागल्या तरी चालेल. जे डोळ्यांनी पाहता आले नाही ते कानांनी तरी नीट ऐकायला हवे. तुमच्या भावालाही याची गरज असण्याचा संभव आहे, कारण अग्नी देणाऱ्याला 'तुझ्यावर काय गुजरले' असे सहसा कोणी विचारत नाही. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा त्या नदीकाठी एकटे जाऊन बसा.

कावळ्यासमोर दिलेल्या शब्दाचे ओझे तुम्हाला सर्वांत जड झाले आहे असे मला पत्रावरून वाटते. आईला सांभाळणे याचा अर्थ नोकरी सोडून गावी जाऊन राहणे एवढाच होत नाही. आज तुमची आई फोनवर बरी असल्याचे सोंग आणते आणि तुम्हीही आणता. दोघेही एकमेकांना जपता आहात आणि दोघेही एकटे आहात. पुढच्या रविवारी 'जेवलास का' या प्रश्नाचे उत्तर देऊन झाले की म्हणा, 'आई, मला बाबांची फार आठवण येते.' पुढे काय होईल ते होऊ द्या. ती रडली तर फोन ठेवू नका, आणि तिला लगेच गप्प करू नका. दर रविवारी निदान दहा मिनिटे बाबांविषयी बोलायचे असे दोघांत ठरवा. काकांनी जो शब्द घ्यायला लावला तो पाळायला येथून सुरुवात करता येते.

तुमच्या कार्यालयात हे कोणालाच माहीत नाही असे तुम्ही लिहिता. निदान एका माणसाला सांगा.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला सांभाळणारी माझी सासू गेल्या महिन्यात गेली. आम्ही त्याला तीन दिवस शेजाऱ्यांकडे ठेवले आणि 'आजी देवबाप्पाकडे गेली आहे, तिथे शांत झोपली आहे' असे सांगितले. आता तो रात्री झोपायला तयार नसतो आणि आजी बाप्पाकडून कधी येणार असे विचारतो. मधूनच तो मजेत खेळतही असतो. त्याला खरे सांगावे का?

उत्तर : सांगावे, आणि लवकर सांगावे. झोपलेली आजी पुन्हा उठलीच नाही, तर मी झोपलो तर काय होईल, असा त्याचा सरळ हिशेब आहे. त्याच्या भीतीत काही चूक नाही, चूक आपल्या शब्दांत झाली. 'देवबाप्पाकडे गेली' हे वाक्य मोठ्यांना सांत्वन देते, पण सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळते की आजी एका गावाला गेली आहे आणि मला न सांगता गेली आहे.

त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगा, की आजी वारली. तिचे शरीर फार आजारी होते, ते बंद पडले. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येऊ शकत नाही. झोप वेगळी असते, झोपेतून आपण रोज उठतो. तो हेच पुन्हा पुन्हा विचारील, आणि दर वेळी तुम्हाला तेच उत्तर न चिडता द्यावे लागेल. या वयाच्या मुलांना मरण कायमचे असते ही गोष्ट एका दिवसात समजत नाही. आजीवर तो कधी रुसला असेल, 'जा, मी तुझ्याशी बोलणार नाही' असे म्हणाला असेल, आणि त्यामुळेच ती गेली असे त्याने मनाशी धरले असेल, हीही शक्यता असते. तसे त्याने विचारले नाही तरी, 'तुझ्या बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे आजी गेली नाही' हे वाक्य एकदा स्पष्टपणे म्हणा.

मधूनच तो खेळतो यावरून त्याला दुःख नाही असे समजू नका. मुले दुःखात थोडा वेळ पाय बुडवतात आणि बाहेर पळतात, मग पुन्हा येतात. शाळेतल्या बाईंना कळवून ठेवा. आजीची एखादी वस्तू, चष्म्याचे घर किंवा जुन्या लुगड्याची गोधडी, त्याची म्हणून त्याला द्या. आणि मुख्य म्हणजे तुम्ही आणि तुमचे यजमान त्याच्यासमोर डोळे पुसत आत पळू नका. आईला रडताना पाहिले तर तो घाबरेल ही समजूत चुकीची आहे. आई कशासाठी रडते आहे हे कळले नाही तर तो घाबरतो.

प्रश्न : माझे वय 71 असून पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर मी तिच्या फोटोसमोर बसून दिवसभराचे सगळे सांगतो. कधी कधी तिच्या बांगड्यांचा आवाज आल्यासारखा वाटतो. सूनबाईंनी हे पाहिल्यापासून मुलगा डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागला आहे.

उत्तर : वेल्समधील एका डॉक्टरांनी 1971 मध्ये 293 विधवा-विधुरांशी बोलून एक अहवाल लिहिला होता. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना आपला गेलेला जोडीदार जवळ असल्याचे जाणवले होते, काहींना तो दिसला होता, काहींना त्याचा आवाज आला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ही गोष्ट तोवर कोणालाही सांगितली नव्हती. सांगितले तर लोक काय म्हणतील या भीतीनेच ती माणसे गप्प होती. गेलेल्याशी नाते तोडणे म्हणजेच सावरणे, हा विचारही 1990 च्या दशकापासून संशोधकांनी मागे टाकला आहे. नाते राहते, फक्त त्याचे रूप बदलते, असे ते आता मानतात. हे पत्र आपल्या चिरंजीवांना वाचून दाखवा.

तुमच्या मुलाने विचारायला हवेत ते प्रश्न निराळे आहेत. बाबा जेवतात का, रक्तदाबाची गोळी घेतात का, सकाळी कट्ट्यावर मित्रांकडे जातात का? आणि पत्नी 'तूही इकडे ये' असे सांगते आहे, असे तर त्यांना कधी वाटत नाही ना? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आणि शेवटच्याचे नकारार्थी असेल, तर दिवेलागणीची ती वीस मिनिटे तुमची आहेत. तसे नसेल, तर मात्र मुलाचे ऐका आणि डॉक्टरांना भेटा. मला तर वाटते की एखाद्या संध्याकाळी सूनबाईंना शेजारी बसवून घ्यावे. त्यांनाही सासूबाईंना काही सांगायचे असेल.

प्रश्न : आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबातल्या 22 वर्षांच्या मुलाने स्वतःचे जीवन संपवले. त्याला दीड महिना झाला. त्याची आई जिन्यात दिसली की सगळे खाली पाहतात किंवा परत फिरतात. मीही तसेच केले आहे आणि मला त्याची लाज वाटते. जावेसे वाटते, पण काय बोलावे?

उत्तर : जा. आजच जा. काय बोलावे या विचारात आणखी एक महिना गेला, तर त्या आईची अशी खात्री होईल की सगळे मलाच दोष देत आहेत. ती स्वतःला देत असलेला दोष तिच्यासाठी पुरेसा आहे. इतर मृत्यूंनंतर घरात माणसांची रीघ लागते, चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठले-भाकरी घेऊन येतात. अशा मृत्यूनंतर दार बाहेरून बंद झाल्यासारखे होते.

'देवाची इच्छा', 'धाकटा आहे ना, त्याच्याकडे बघा', 'मोठे मन करा' यांतले काहीही म्हणू नका. कसे झाले, चिठ्ठी सापडली का, काही प्रेमप्रकरण होते का, हे चुकूनही विचारू नका, आणि कोणी तुमच्यासमोर विचारले तर विषय बदला. 'तुम्हाला आधी काहीच कळलं नाही का' हा प्रश्न तर आयुष्यभर टोचत राहतो. ती आई रोज रात्री स्वतःला तोच विचारते. आत्महत्येमागे बहुधा अनेक कारणे गुंतलेली असतात आणि कोणा एकाच्या चुकीवर ती ढकलता येत नाही. हे तिला तुम्ही सांगू शकता, पण पहिल्या भेटीत नव्हे, आणि तिने विचारल्याशिवायही नव्हे.

पहिल्या भेटीत डबा घेऊन जा आणि खरे तेच सांगा, 'मला काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून मी आले नाही, माझं चुकलं.' मग बसा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. 'काही लागलं तर सांगा' असे म्हणून येऊ नका, कारण कोणी सांगत नाही. त्यापेक्षा 'मंगळवारी मी बाजारात जाते आहे, तुमची भाजी आणते' असे म्हणा. घरातल्या वडिलांना आणि धाकट्या भावाला विसरू नका. आपल्याकडे सगळे आईभोवती बसतात आणि बाप गॅलरीत एकटा उभा असतो. असे माणूस गमावलेल्या घरात इतरांच्याही मनात जीव देण्याचा विचार येण्याचा धोका वाढतो. कोणाच्या बोलण्यात 'आता जगून काय करू' असे आले तर ते ऐकून न ऐकल्यासारखे करू नका, सरळ विचारा. तसे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीतही बोलता येते. जवळच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जाता येईल, आणि त्या पहिल्या खेपेला तुम्ही सोबत गेलात तर फार बरे होईल.

त्या घरात भिंतीवर आता त्याचा फोटो असेल, आणि येणारी माणसे त्या भिंतीकडे पाठ करून बसत असतील. तुम्ही समोर बसा. तुम्ही त्याला लहानपणापासून जिन्यातून धावताना पाहिले आहे, त्याला नावाने हाका मारल्या आहेत. त्याच नावाने त्याच्याविषयी बोला. तो कोणत्या वर्षी क्रिकेटच्या चेंडूने तुमची काच फोडून मग स्वतःहून सांगायला आला होता, ती गोष्ट त्याच्या आईला सांगा. तिच्यापाशी आता नव्या आठवणी येणार नाहीत, तुमच्याजवळची एक तुम्ही तिला देऊ शकता. ती बोलू लागली तर घड्याळाकडे पाहू नका. आणि निघताना त्याचा वाढदिवस केव्हा असतो ते विचारून घ्या, म्हणजे त्या दिवशी तिचे दार वाजवता येईल.